उणे दोन

मस्कतला एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच
लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही.
आणि मी रात्रभर बर्फ राखतो.

सीबच्या मॉलमागे, तिसऱ्या दारातून आत,
उणे दोन. कायम उणे दोन.
पोरं दिवसभर घसरतात, हातमोजे विसरून जातात.
रात्री मी कॉम्प्रेसरचे आकडे वहीत उतरवतो
आणि अंगरूप फावड्याने उतार सारखा करतो.

तो लाहौलचा. केलाँगच्याही वर कुठेतरी.
पहिल्याच आठवड्यात त्याने भिंतीलगत कोपरभर खड्डा खणला,
बोटाने कड चाचपली, म्हणाला,
ह्याला थरच नाहीत.
म्हटलं, नसणारच. रोज भुगा पडतो, रोज दाबतो.
मग ह्याला काही आठवत नसेल, म्हणाला.

त्याच्याकडच्या बर्फाला सगळं आठवतं.
डिसेंबरचा तळाशी, साखरेसारखा सुटा, कशालाच न धरणारा,
त्यावर जानेवारीचा वारा, त्यावर उन्हाने धरलेली साय,
आणि फाल्गुन सरला की ह्या सगळ्याच्या पोटात पाणी उतरतं.
सकाळी घट्ट. गाय चालेल इतका.
दहानंतर नाही.
लाडवाएवढे गोळे आपोआप गडगडू लागले
की मागे फिरायचं,
खांद्यावर मढं असलं तरी.

हिमस्खलन हा शब्द मी बातम्यांतच ऐकलेला,
तोंडात बसत नाही.
आमच्या महाडकडे दरड म्हणतात, मी बर्फाची दरड म्हणतो.
तो ग्लेशियर म्हणतो.
दोघंही म्हणताना नकळत वर बघतो.
वर पत्रा. निळा रंग, दोन ढग, एक गळका जोड.

त्याच्या मनगटावर अजून तिकडचीच वेळ, दीड तास पुढे.
इथे साडेआठ झाले की त्याचा चेहरा दहाचा होतो.
भाऊ रिगजिन रस्ता उघडणारा डोझर चालवतो.
रोज एकच प्रश्न: उतरलास?
रोज एकच उत्तर: उतरलो.

परवा फोन नुसता वाजत राहिला.
पावणेनऊ.
नऊ.
मी कॉइल वितळायला लावली होती. हीटर तापले
आणि आठवड्याचं साचलेलं दंव
अख्ख्या लादीने सुटून ट्रेमध्ये पडलं.
धप्प.
वीतभर. बादलीत मावेल एवढं.

अंगरूप भिंतीला चिकटलेला.
तोंडावर हात, कोपर पुढे,
श्वासापुरती पोकळी करतात तशी,
त्याने मला एकदा हसत हसत शिकवली होती तशी.
आम्ही दोघं काही बोललो नाही.
मी ट्रेकडे बघत राहिलो, चूक माझीच असल्यासारखा.

नऊ वीसला रिगजिन: डिझेलच आलं नाही,
गेलोच नाही, झोपलो होतो, ओरडतोस कशाला.
आणि वरचा उतार?
आहे ना अजून. लटकलेला.

अंगरूपने फावडं उचललं.
दहाला पोरं येतात, त्याआधी एक हात फिरवायचा असतो.
मी दंवाची बादली बाहेर नेली,
पार्किंगच्या डांबरावर ओतली. चर्र झालं, संपलं.

समोर मस्कतचे डोंगर.
तपकिरी, उघडे, अंगावर गवताची काडी नाही,
सुटून यावं असं काहीच नाही.

तरी मी दार हळू लावलं.