साक्षीदार

जुबैलच्या कॅन्टीनमध्ये, डाळ सांडलेल्या टेबलावर
टिलमननं लिफाफा ठेवला.
"इथं सही कर. साक्षीदार लागतो."

वेल्डिंग तपासणारा माणूस.
माझा एकही जोड त्यानं कधी
डोळे झाकून पास केला नाही.

त्याच्या आजीला म्हणे कचेरीत विचारायचे,
या बरणीत गोळ्या किती? सांग, मग मत दे.
ती परत यायची. पुन्हा जायची.
बरणी तीच, गोऱ्या कारकुनाचा टायही तोच.
मी विचारलं, खरा आकडा किती होता?
"कुणी मोजल्याच नव्हत्या."

माझं मतदार कार्ड तळेऱ्याला,
आईच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली.
मतदानादिवशी मी टाकीच्या पोटात होतो;
तिकीट पगाराहून महाग.
रात्री बाळग्याचा फोन :
"काळजी नको रे, तुझ्या नावापुढं खूण झालीय."

कुणाची, ते मी विचारलं नाही.

पेन घेतलं.
हरिश्चंद्र सोनू तांबे,
बापाच्या नावासकट, मराठीत, सावकाश.
रकाना अपुरा पडला, आडनाव रेघेबाहेर गेलं.

टिलमननं खिशातली बॅटरी काढली
आणि सहीवर धरली,
जोड बघतो तशी.