बसून घेतलेलं माप

तीस वर्षं गिऱ्हाइकाला एकच वाक्य:
सरळ उभे राहा, हात खाली सोडा.
दांडिया बाजारातल्या या गाळ्यात
ते इतकं गुळगुळीत झालं होतं
की जिज्ञासाला तिच्या बापानं खुर्चीसकट उचलून
पायरीच्या आत ठेवलं,
तरी ते तोंडातून निसटलंच.

ती हसली. म्हणाली, मावशी, तेवढं सोडून बोला.

हातात टेप तशीच लोंबत.
बसलेल्या माणसाची कंबर धरायची कुठे?
पुढे तिची घडी होते, मागे ती उघडी पडते.
पाठीला कापड चार बोटं जास्त लागतं.
मागचा खिसा म्हणजे बुडाखाली दिवसभराचा खडा.
आणि शिवण,
जी मी दुहेरी मारत आले,
वीस धुण्यांत उसवणार नाही म्हणून मिरवत आले,
तिनं कातडं सोलतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
सांगणार कोण?
ज्यांचं सोलतं ते या पायरीखालूनच परत गेलेले.

नवरात्राला अकरा दिवस. तिला चणिया हवा होता.
घेर किती ठेवू? विचारलं.
सगळा पुढे द्या, म्हणाली,
मागे कशाला? मागे मी बसलेली आहे.
आणि बाजूनं आखूड, चाकात जायला नको.

तीनदा उसवला. फरीदाबेन मशीनवरून डोकं न उचलता म्हणाली,
तुम्ही अजून उभीलाच शिवताय.

दसऱ्याला जिज्ञासा तो घेऊन आली.
काठाला चाकाचं काळं वंगण, वीतभर.
निघेल का?
नाही निघणार.
मग राहू दे.

तिच्यामागून शिर्के आले.
मकरपुऱ्याच्या प्रेसमध्ये डावा हात मनगटापासून गेलेला.
सदऱ्याला बटणं हवीच म्हणाले, लावायला नव्हे,
दिसायला.
वरून बटणं टाकली, आतून चिकटपट्टी.
आठवड्यात परत:
शोकसभेत गरम झालं, गळा सैल केला
तर खर्रकन आवाज. मयताचा मुलगासुद्धा वळून बघायला लागला.
मग चुंबक लावले. खूश होते.
तेच नमुने एका आजींना दाखवले
तर त्यांच्या छातीत पेसमेकर.
नमुने उचलून लांब, वरच्या फळीवर ठेवले.

बँकेत कागद भरायचा होता.
प्रत्येक साइझचे नग किती, असा रकाना.
मी लिहिलं: एक. एक. एक.
साहेबांनी चष्मा काढला. सज्जन माणूस.
म्हणाले, हे पुण्याचं काम आहे ताई, ट्रस्ट काढा,
देणग्या येतील.
म्हटलं, पुण्य राहू द्या, मला कर्ज हवंय.
माझी गिऱ्हाइकं पैसे मोजून देतात,
आणि बाही वाकडी गेली की भांडतात.
दोन लाख मागितले होते. साठ हजार मिळाले.

त्यातून मशीन नाही आलं.
आधी पायरी फोडली.
घरमालक दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी त्याच उतारावरून
स्वतःची स्कूटर चढवून आत लावली.
ती काढायला सांगणं, हे आता माझं रोजचं काम.

अजून चुकते. परवाच एका पोराच्या पँटची चेन
कॅलिपरच्या बाजूला द्यायची ती दुसऱ्या बाजूला दिली.
त्याची आई काही बोलली नाही.
पोरगं बोललं. बरंच बोललं.
कापड माझ्या पदरचं गेलं.

काल पुष्पलता घोरपडे आल्या,
जुन्या, ब्लाउजवाल्या, ठणठणीत.
टेप घेतली आणि म्हटलं, बसा.
मापाला? बसून?
दिवसातले किती तास उभ्या असता, मी विचारलं.
त्यांनी फरीदाबेनकडे पाहिलं. तिनं मशीन थांबवलं नाही.
मग बसल्या,
पोट आत ओढून.