रात्रीचा दर

उलानबातरच्या उत्तरेला, जिथं डांबर संपतं
आणि पुढच्या चढावर पायवाटेलाही धाप लागते,
तिथं त्सेरेनदुलमबाईंचा गेर.
लोकरीचा गोल तंबू, दार दक्षिणेला.

मी फॉर्म काढला. रकाना पहिला : कायमचा पत्ता.
त्या म्हणाल्या, हा मोडायला तास लागतो,
उभा करायला दोन.
यात कायमचं काय ते तूच ठरव, बाई.
मी लिहिलं, लागू नाही.

कच्च्या कोळशावर बंदी आली त्या हिवाळ्यात
विजेची शेगडी मिळाली, आणि एक पत्रक :
रात्री नऊनंतर दर निम्मा.
तेव्हापासून ही गल्ली नऊला उजाडते.
सूप चढतं. शिलाई मशीन सुरू होतं.
ओचिरबात गेट जोडायला बसतो,
ठिणग्या पाहून कुत्री आता भुंकतसुद्धा नाहीत.

आणि दिवसा?
दिवसा ऊब महाग, म्हणाल्या.
दिवसा मी निजते, दोन डेल अंगावर घालून.

नातवाचा खोकला गेला. हे लिही, हे खरं आहे.
फक्त पुढं पूर्णविराम देऊ नकोस,
स्वल्पविराम दे,
कारण नऊला सगळे एकदम बटण दाबतात
आणि दहाच्या सुमारास
खालचा ट्रान्सफॉर्मर जीव टाकतो.
मग ही.
पलंगाखालून त्यांनी पोतं ओढलं :
वाळलेल्या गोवऱ्या, बहिणीनं स्टेपवरून धाडलेल्या.
तुमच्या कागदात ही कुठं बसते?

मी कागद उलटसुलट केला.
'इतर' नावाचा रकाना होता,
करंगळीएवढा.

कार्यालयात साहेब आलेख दाखवत होते.
धुराची रेघ खाली उतरत होती,
खोटी नव्हती.
आम्ही टाळ्या वाजवल्या, मीही.

माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर.
रेडिएटरला बंद करायची कळच नाही,
बिल ठरलेलं, वापरा किंवा सांडा.
उणे तीसमध्ये मी खिडकी उघडी टाकून झोपते.
हे मला कुणी विचारलं नाही.
माझ्या दारी फॉर्म कधी आला नाही.

काल खिडकीत उभी होते.
नऊला टेकडी लखकन पेटली,
दहाला विझली, एका फुंकरीत विझावी तशी.
थोड्या वेळानं अंधारात एकच धूर,
बारीक, सरळ, वर.
इतका ओळखीचा की
मी त्याला हात केला.