बेचाळीस नग

पहिल्या दिवशी शिरोलीच्या फाटकावर
वॉचमननं विचारलं, "कुणाकडं आलाय?"
मी म्हटलं, "कामाला."
त्यानं 'भेट' या रकान्यात माझं नाव लिहिलं,
आणि पुढचे पंधरा दिवस
मी रोज भेटीलाच येत राहिले.

फर्नेसची आकृती मी कॉलेजात
सत्तावीस वेळा काढली होती,
पेन्सिलीनं, बाण दाखवून.
खऱ्या फर्नेसला बाण नव्हते.
बूट पुरुषांच्या मापाचे.
पुढच्या टोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून
मी इंजिनिअर म्हणून चालायचे.

काम एवढंच: दर दोन तासांनी
वाळूतला ओलावा मोजायचा.
साडेतीन टक्के, फार तर चार.
मोल्डिंगवरचे दस्तगीरमामा मूठभर वाळू दाबायचे,
मूठ उघडून बोटांच्या रेघा उमटल्यात का बघायचे,
मग ढेकूळ मोडून कडा निरखायचे.
"भाकरीच्या पिठावानी असतंय म्याडम,
मळणाऱ्याला ठावं."
मी मशीनवर बघायचे. उत्तर तेच यायचं.
याचा मला जरा रागच यायचा.

त्या दिवशी दुपारी चारला ऋजुताचा फोन होता, पुण्याहून.
बारावा मजला, कॉफीचं मशीन,
चाकाची खुर्ची, गार हवा.
तिचं ऐकता ऐकता मी रजिस्टरमध्ये लिहिलं: ३.६.
जागेवरून न उठता.
तिथून वाळूपर्यंत अकरा पावलं आहेत.
ती मी नंतर मोजली.

सकाळी पंपांची कवचं झडून बाहेर आली
ती अंगभर भोकं घेऊन,
देवी येऊन गेल्यासारखी.
बेचाळीस नग.
खोचीकर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.
"मोल्डिंगवाल्यांनी पाणी जास्त मारलंय," कुणीतरी म्हणालं,
आणि सगळे मामांकडं बघायला लागले.
मामांनी गळ्याजवळचं बटण लावलं.
बोलले नाहीत.

रजिस्टर माझ्या हातात होतं.
त्यात ३.६ होतं, सुवाच्य अक्षरात.
त्या आकड्यामागं मी अख्खी मावले असते.

"सर, चारचं रीडिंग मी घेतलंच नव्हतं."
ब्लोअरच्या आवाजात ते दोनदा म्हणावं लागलं.
दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड गेलं.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं.
"एका नगाचं वजन किती?"
"साडेसात किलो."
"गुणा. आणि तिकडं भिंतीवर लिहा, खडूनं."

घरी आईनं ताट वाढता वाढता विचारलं,
"आज काय केलंस गं?"
"गुणाकार."
अण्णांनी तोवर अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं
की आमच्या पोरीशिवाय कारखान्याचं पान हलत नाही.
तांबड्या रश्श्याचा घास घशात अडकला
तो तिखटानं नव्हे.

मामा आठवडाभर बोलले नाहीत.
मग एका सकाळी साखळीला दोन नग टांगले,
माझ्या हातात हातोडी दिली.
"डोळं मिटा. हाणा."
एक घणघणला,
देवळातून निघालेल्या माणसामागं
घंटा हलत राहते तसा.
दुसरा नुसता 'दद्द' म्हणाला.
"ह्यो गेलाय," मी म्हटलं.
म्हटल्यावर कळलं, मी त्यांच्या बोलीत बोलले.
"भोकं लांबी भरून झाकत्यात लोक," मामा म्हणाले,
"वरनं रंग मारत्यात.
नाद कसा झाकणार?"
आणि तंबाखू मळत निघून गेले.
मी बरोबर होते की नाही, ते सांगितलंच नाही.

हल्ली फोन वाजला की मी तो टेबलावर पालथा घालते,
अकरा पावलं चालते.
आधी मूठ, मग मशीन.
कधी कधी दोघांचं जुळत नाही.
तेव्हा पुन्हा मोजते.
नखांतला काळा जात नाही.
लग्नाला गेले की मी हात पदराखाली घेते,
मग आठवतं, मग बाहेर काढते.

भिंतीवर अजून ३१५ आहे.
परवा धुळीनं पुसट झाला होता.
पुसून टाका म्हणून साहेबच म्हणाले.
मी खडू आणायला गेले.