तीस सेकंद

"वैनी, जुनीच ठिवू का नवी घालू?"
राजारामपुरीच्या पाचव्या गल्लीत, चष्मेवाल्याच्या माडीवर,
सन्मती चौगुले माझा लॅपटॉप उताणा करून विचारतो.
पोटातली धूळ त्यानं ब्रशनं काढली,
कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली.
"ही लक्ष्मीपुरीची," म्हणाला, "शाई बी हाय हिच्यात."

जुनी म्हणजे जिच्यावर मी तेरा वर्षं
लग्नं लावली, दहावे घातले,
वास्तुशांती, भिशीची पावतीपुस्तकं, कुस्त्यांची हँडबिलं,
आणि एकदा एका म्हशीचा वाढदिवस.
तिला 'कु.' लिहायचं की 'सौ.'
यावर मालक माझ्या खुर्चीमागं अर्धा तास उभा.
जुनी हळू उघडते.
तिच्या पंख्याच्या कुठल्या आवाजाला
उठून आधण ठेवायचं, ते मला ठाऊक आहे.

सन्मती म्हणतो, हिला आता वरून औषध येत नाही.
कंपनीनं हात झटकले.
जीएसटीचं पान अर्धं उघडून गप बसतं,
बँक तर उंबऱ्यातूनच परत पाठवते.
"आणि नवी?"
"नवी झ्याक. पण तुमची रॅम चारच.
चढ आला की दम टाकंल,
डबल शीट जोतिबाला जुनी लुना नेल्यागत."

खरं ते त्यानं शेवटी सांगितलं.
माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर नवीवर चढत नाही.
बनवणाऱ्यानं दुकान केव्हाच मिटवलं,
त्याच्या नंबरवर आता एक बाई उचलते
आणि दरवेळी तितक्याच शांतपणे राँग नंबर म्हणते.

त्यानं आपल्या मशीनवर माझी एक फाईल उघडली.
चि. सौ. कां. दर्शना, वळिवडे, २०१२.
वेलांट्या सुटून बाजूला उभ्या,
तिचा रफार उडून सासऱ्याच्या डोक्यावर,
'श्रीकृपेकरून'मधल्या कृपेच्या जागी
दोन चौकोन, एक प्रश्नचिन्ह.
हसू आलं. मग नाही आलं.
अशा अकरा हजार फायली.
त्यातले किती संसार टिकले मला माहीत नाही,
जोडाक्षरं मात्र मी टिकवली होती.

"उद्या सांगतो," म्हटलं.
जाता जाता नवीवर तेच टाईप करून बघितलं.
खाली तीन शब्द सुचवले तिनं:
सांगते, सांगू, सांगितले.
सांगतो नव्हतं.
कोल्हापुरात बाईसुद्धा सांगतोच म्हणते,
हे कंपनीला कोण कळवणार?

शेवटी सन्मतीनं डिस्कची वाटणी केली,
भावकीत करतात तशी.
मधे भिंत, दार एकच.

आता सकाळी बटण दाबलं
की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात,
आणि खाली आकडे उलटे चालू लागतात.
तीस. एकोणतीस.
काहीच दाबलं नाही तर आपोआप नवी.
हा नियम सन्मतीनं घातला, मला न विचारता.

परवा मी पायरी झाडत होतो, नवी उघडली.
बरं झालं, रिटर्न भरून टाकलं.
काल दस्तगीर मोमीन आले.
वडिलांच्या मैदानाचं हँडबिल तसंच्या तसं हवं,
'वस्ताद' तेवढंच जाड, खालची रेघसुद्धा.
झाडू टाकून धावलो,
चारावर थांबवली.

आज कुणाचंच काम नाही.
चहा गाळतोय. सव्वीस.
गाळणी ठेवायला जागा शोधतोय.
एकोणीस.