गठ्ठा छोटा है

बिर्लानगरच्या गिरणीत, कार्डिंग खात्यात
अण्णांची दोन बोटं गेली तेव्हा मी नव्हते.
मी आले तेव्हा ते आठांवर मोजत होते.

डाव्या करंगळीपासून सुरू, सातापाशी थोडं थांबायचं,
मग उजव्या हाताचं मधलं बोट दाबून म्हणायचं, दहा.
हजिऱ्याच्या नाक्यावर रामसनेही वाणी हसायचा,
"इंगळेजी, दो कम हैं."
"कम नहीं," अण्णा म्हणायचे, "गठ्ठा छोटा है."

आईला हे गणित कधीच मानवलं नाही.
बत्तीस पापड मोजायला दिले की चाळीस होऊन यायचे
आणि डबा भरायचा तेवढाच.

"जुना रुपया आठवतो?"
मला कुठून आठवणार!
"आठ पैशांची चवली, आठ चवल्यांचा रुपया.
चौसष्ट पैसे. माझ्या हाताने मोज,
एक, आणि त्यापुढे दोन पूज्यं.
सरकारने मागाहून शंभर केले, माझे आधीच होते.
आता अर्धा करत जा. अधेली. पावली. चवली. आणा.
तुटतं का कुठे?"
एका पैशापर्यंत कुठे तुटलं नाही.
नवा रुपया पंचविसाशीच अडला.

शाळेत बाईंनी नवाचा ताळा शिकवला,
मी तो तोऱ्यात घरी आणला.
अण्णांनी कोळशाने फरशीवर लिहिलं: १५४.
"एक, पाच, चार. मिळव. सात टाक. काय उरलं?"
तीन.
मग परातीत चिंचोके ओतले,
माझ्या मोजणीने एकशेआठ,
आणि सात-सातांच्या ओळी लावत गेले.
पंधरा ओळी. खाली तीन चिंचोके.
"तुझ्याकडे नऊ, माझ्याकडे सात.
सगळ्यात मोठा अंक असतो ना, पोरी,
ताळ्यात तो पूज्याच्याच तोलाचा.
आमच्या खात्यातल्या साहेबासारखा,
असला काय, नसला काय."

एका रविवारी किल्ल्यावर गेलो.
लहानशा देवळात दगडात कोरलेलं जुनं पूज्य,
दोनशेसत्तरातलं.
गाईड सांगत होता, बागेची लांबी, इतके हात.
अण्णांचे ओठ हलले.
"मी वाचलं तर एकशेचौऱ्याऐंशीच."
मग रुंदी ऐकली: १८७.
उतरताना, उरवाई दरवाजापर्यंत गप्प.
"त्यात आठ आहे," म्हणाले.
"तो आकडा माझ्या हातात मावत नाही."

चौसष्टावं लागलं तेव्हा शंभरीचे पेढे वाटले.
रामसनेहीने दोन घेतले, हिशेब न विचारता.
पुढे एकशेएक, एकशेदोन,
दम्याने एकशेचार जरा जड गेलं,
आणि एकशेसातात, माघातल्या एका पहाटे, थांबले.

भटजींनी माझ्या हातात माळ दिली,
"एकशेआठ वेळा, ताई."
मी मणी ओढत राहिले.
कितव्यावर होते ते विचारू नका.

आता पॉलिटेक्निकात मीच ऑक्टल शिकवते.
फळ्यावर १०७ लिहिते, विचारते, याच्यापुढे?
"एक सौ आठ!" अख्खा वर्ग.
मी खडू टेकवते, पण लिहीत नाही.
पंख्याखाली वह्यांची पानं उडतात.
मागच्या बाकावरची एक मुलगी
दोन बोटं तळहातात दुमडून
पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.