अकरा नंबर

सोळा वर्षं आमचं घर
एका करड्या चौकटीत राहिलं.
मागच्या खोलीत संगणक, त्याची घरघर,
पाठीत खुपसलेली जाड वायर,
आणि पडद्यावर आठ इंग्रजी अक्षरांत कोंबलेली नावं :
पंप टू, बीडी लाइट, रिले इलेव्हन.
पंप लावायचा तर उठून तिथंच जायचं,
आणि जायचं मीच.
त्या खोलीतलं इतर कुणाला कळत नव्हतं;
कळू नये, अशी माझीही थोडी व्यवस्था होती.

वास्कोला बोटींच्या कारखान्यात तीस वर्षं
मीटर लावले, सुया शून्यावर आणल्या.
मग बोरीला आलो आणि घराला
बोटीसारखं वायरिंग केलं.
बुडणार नाही एवढं नक्की,
शालन म्हणाली.

यंदा संगणकानं मान टाकली.
पुण्याहून मुलगा म्हणाला, बाबा,
आता सगळं ब्राउझरमध्ये आणा.
पत्ता टाकला की पान उघडतं,
घरातल्या कुणाच्याही फोनवर.
तो 'कुणाच्याही' गिळायला
मला दोन दिवस लागले.

पेटी आली, पानाच्या डब्याएवढी.
जुन्या प्रोग्रॅममधून एकेक ओळ सोडवली,
आमसुलं उन्हात घालताना करतात
तशी सुटी सुटी.
रात्री दीडला पान उघडलं :
पांढरं, बिनआवाजाचं, सोळा चौकोन,
प्रत्येकाखाली रिकामी जागा. नाव द्या.

सकाळी शालननं कपाळावरचा चष्मा खाली ओढला
आणि स्वतःच्या फोनवर लिहायला घेतलं,
मराठीत, हवं तेवढं लांब :
न्हाणीतला बंब.
वरल्या कुळागराचं पाणी.
अबोलीकडचा दिवा, जो उगाच जळतो.
ह्यांचा पंखा.
शेवटच्याचा अर्थ मला दुपारी कळला.
पंखा थांबला, मी घाम पुसत बाहेर आलो,
पानं वाढलेली होती.

राहिला अकरा.
हा कसला, तिनं विचारलं. मला आठवेना.
वही काढली तर वाळवीनं
नेमकं तेच पान वाचून संपवलेलं.
चौकोन दाबला. पेटीत टिक् झालं.
घरात काही पेटलं नाही, काही थांबलं नाही.
टॉर्च घेऊन गोठा पाहिला, विहीर पाहिली,
मग तो तसाच चालू ठेवून झोपलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे पदेर
सायकलवरून पोय काढता काढता म्हणाला,
पिएदादबाय परत आली का हो?
बलकांवात दिवा जळतोय.

त्या घराचं मीटर
खात्यानं कधीच काढून नेलंय.

नवरा गेला त्या साली तिला झोप येत नसे.
रात्री दोनला बलकांवात येऊन बसायची,
एकदा अंधारात पायरी चुकली.
मी कुंपणाखालून पाइप घातला, वायर नेली,
सात ते सहा अशी वेळ लावली.
बील कितलें रे, तिनं विचारलं.
मी म्हटलं, आठ अक्षरांत मावत नाही.
नाताळात दोदोल आला, पुढल्या नाताळातही.
मग मुलगी तिला स्विंडनला घेऊन गेली,
आणि तिथूनच पुढे.
मी वेळापत्रकातली एक ओळ पुसली होती.
पुसताना काही वाटलं होतं का,
तेही आठवत नाही.

शालननं फोन उचलला,
अकराखाली लिहिलं : शेजार.
सात ते सहा.
मी म्हणणार होतो, रिकाम्या घराला कशाला,
पण युनिटचा हिशेब मनात करता करता
म्हणायचं राहिलं.

पासवर्ड मात्र मी त्या रात्री घातला.
कुणाला सांगितला नाही.
दुसऱ्या दिवशी साडेबाराला
पंखा वेळेवर थांबला.